पैसा न खाता भ्रष्टाचार होतो का?

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकानं विचारलंय: "विधानसभेच्या मतदानाला एका उमेदवारानं तांड्यावरच्या लोकांना काळीपिवळीत फुकट बसवून केंद्रावर नेलं. आमचे वकील म्हणतात, हा भ्रष्टाचार. पैसा तर कोणी खाल्ला नाही, मग कसा?"

वकिलांचं बरोबर आहे. भ्रष्टाचार म्हटलं की आपल्याला आठवतो फेरफारासाठी पैसे घेणारा पटवारी. तो अर्थ १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातला. २०१८ च्या दुरुस्तीनं त्यात 'अनुचित फायदा' हे शब्द आले, तरी गाभा देण्याघेण्याचाच राहिला.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३ फार मोठं आवार घेतं. लाच तिथंही पहिलीच आहे. पण तिच्याच पंगतीला बसतात 'मत दिलं नाही तर देवी कोपेल' अशी भीती घालणं, वाळीत टाकण्याची धमकी, जातीधर्माच्या नावानं मत मागणं आणि तुमची ती काळीपिवळी. उमेदवारानं, त्याच्या एजंटानं किंवा त्यांच्या संमतीनं दुसऱ्या कोणी मतदारांना फुकट नेण्यासाठी गाडी लावली की पोटकलम ५ लागतं. त्याच तांड्यावरच्या लोकांनी वर्गणी काढून भाड्याची बैलबंडी केली, तर दोष नाही. इंजिनाविना चालणाऱ्या वाहनाला कायद्यानं तेवढी मोकळीक ठेवली आहे.

१२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयानं इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली, तीही याच कलमाखाली. सिद्ध झाला तो दोष होता प्रचारात सरकारी अधिकाऱ्यांची मदत घेतल्याचा. पुढे सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला.

मला तर निवडणूक कायद्यातला अर्थच शब्दाच्या मुळाशी जवळचा वाटतो. संस्कृतात 'भ्रंश्' म्हणजे खाली पडणं, ढळणं. स्थानभ्रष्ट माणूस जागेवरून ढळतो, गीतेतला योगभ्रष्ट साधनेच्या वाटेवरून. भाषेतला 'अपभ्रंश'ही त्याच कुळातला. पैसा या शब्दाला फार उशिरा चिकटला, आणि इतका घट्ट चिकटला की बाकीचे अर्थ आपण विसरलो. म्हणून कलम १२३ बद्दल लिहिताना मी 'भ्रष्ट आचरण' असंच लिहितो. वाचणारा लाचेकडे वळत नाही.

तुमच्या वकिलांना याचिका करायचीच असेल, तर ती निकालापासून ४५ दिवसांत नागपूर खंडपीठात दाखल व्हायला हवी. त्यात नुसतं 'भ्रष्टाचार केला' लिहून भागत नाही. गाडी कोणी लावली, कोणत्या तारखेला, कुठून कुठे, हा तपशील कायदाच मागतो.