थ्री स्टूजेस: शेवटची वर्षं कुठून सुरू करायची

अरे, एकदम १९५७-५८ च्या शॉर्ट फिल्म्स लावू नकोस, कंटाळशील आणि मग म्हणशील हेच का ते थ्री स्टूजेस. मो, लॅरी आणि कर्ली असं हे अमेरिकन विनोदी त्रिकूट; १९४६ मध्ये कर्लीला स्ट्रोक आला आणि त्याच्या जागी त्याचा थोरला भाऊ शेम्प परत आला, तिथून धर. १९४७ ची 'ब्राइडलेस ग्रूम' आधी बघ, त्यात शेम्प गाणं शिकवणारा मास्तर आहे आणि क्रिस्टीन मॅकिन्टायर त्याला दुसराच कोणीतरी समजून असली बदडते ना, हसून पोट दुखेल. लोक कर्ली कर्ली करतात, पण घाबरलेला माणूस करावा तर शेम्पनेच, हे माझं ठाम मत.

मग १९५६ ची 'हजबंड्स बिवेअर' लाव. तीच गोष्ट, अर्धंअधिक जुनंच फुटेज! कोलंबिया स्टुडिओकडे बजेट आटलेलं, त्यामुळे निर्माता-दिग्दर्शक ज्यूल्स व्हाइट जुने सीन उचलायचा आणि मधेमधे नवीन चिकटवायचा, आता नवीन सीनमध्ये चेहरे वयस्कर दिसतात ते नीट बघ, जोड लगेच कळते. शेम्प १९५५ मध्ये वारला तरी पुढच्या चार फिल्म्स निघाल्याच, त्याच्या जागी डुप्लिकेट म्हणून जो पाल्माला पाठमोरा उभा करून.

शेम्पनंतर आलेल्या जो बेसरच्या १६ शॉर्ट फिल्म्स सगळ्यात शेवटी ठेव. त्याला जोरात मार खायला नको असायचा, मग मो लॅरीलाच जास्त हाणतो. दोन-तीन बघितल्यास तरी पुष्कळ.