आजीला होता म्हणून मला होणार का? आणि आत्याचं कुणी सांगतच नाही

कॅन्सरच्या जेनेटिक काउन्सेलिंगला येणाऱ्या बायकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, मॅडम आमच्या घरात अमकीला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, मग मलाही होणार का? यावर हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देणं मला कधीच पटत नाही, कारण ते उत्तर घरातल्या दोन्ही बाजू नीट विचारल्याशिवाय निघतच नाही. वैशालीची गोष्ट (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत) म्हणूनच सांगावीशी वाटते.

वैशाली ३६ वर्षांची, बँकेत नोकरी, दोन मुलं. आली तेव्हा डोळ्याखाली काळं झालेलं, झोप नाही. झालं असं की तिच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मैत्रिणीला ३९ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर निघाला आणि त्या मैत्रिणीच्या घरात आधी कुणालाच नव्हता. वैशालीच्या तर आईच्या आईला झालेला! मग रात्र रात्र मोबाईलवर वाचन, अँजेलिना जोलीने २०१३ मध्ये दोन्ही स्तन काढून घेतल्याचं वाचलं, घरात कुणाला झाला असेल तर धोका दुप्पट असंही कुठेतरी वाचलं, आणि वर एका ऑनलाईन कॅल्क्युलेटरने तिला सांगितलं की तुमचा धोका सरासरीपेक्षा कमी आहे. "आता मी नक्की कुणाचं ऐकू? काढून टाकायचे असतील तर तेही सांगा, मी तयार आहे," असं पहिल्या पाच मिनिटांत म्हणाली ती.

मी आधी त्या 'दुप्पट'चं बघितलं, कारण हा शब्द फार घाबरवतो. भारतात साधारण २८ बायकांमध्ये एकीला आयुष्यभरात कधी ना कधी ब्रेस्ट कॅन्सर होतो असा अंदाज आहे. पण तो धोका सगळ्या आयुष्यावर पसरलेला आहे, वैशालीच्या वयाच्या बाईला पुढच्या दहा वर्षांत होण्याची शक्यता बघितली तर १०० मध्ये एकीलाही नाही, त्याहून कमी. कमी आकड्याची दुप्पट केली तरी तो कमीच राहतो. आणि दुप्पट हे आई, बहीण किंवा मुलगी यांच्यापैकी कुणाला झाला असेल तर, आजी त्याच्या एक पायरी लांब. त्यात तिच्या आजीला झाला तो ७४ व्या वर्षी. उतारवयात एकाच बाईला झालेला कॅन्सर बहुतेक वेळा रक्तातून आलेला नसतोच, एकूण ब्रेस्ट कॅन्सरमध्ये ठळक जनुकीय दोषामुळे होणारे १०० पैकी ५ ते १० धरतात. बँकेतल्या मैत्रिणीचंही तेच, ज्यांना होतो त्यातल्या बहुसंख्य बायकांच्या घरात आधी कुणाला झालेला नसतो, म्हणून 'आमच्यात नाही' म्हणून निवांत राहणं जितकं चूक तितकंच 'आमच्यात आहे' म्हणून झोप उडवणंही.

एवढ्यावर ती थोडी सैलावली. मग मी कागद घेतला आणि म्हणलं, आता वडिलांकडचं सांगा.

"वडिलांकडचं कशाला? हे तर बायकांचं असतं ना?"

इथे मला दरवेळी थांबायला लागतं आणि थांबलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. दोष असला की ब्रेस्ट कॅन्सरचा धोका खूप वाढतो अशी बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही जी दोन जनुकं आहेत (१९९४ आणि १९९५ मध्ये सापडली) त्यातला दोष वडिलांकडून अगदी तितकाच येतो जितका आईकडून, प्रत्येक मुलाला आणि मुलीला निम्मी शक्यता, नाणं उडवल्यासारखं. पुरुषाला स्वतःला काही होत नाही बहुतेक वेळा, म्हणून तो दोष एक पिढी दिसतच नाही, मधे सगळं शांत आणि मग नातीत वर येतो. आपल्याकडे आईच्या माहेरची दुखणीखुपणी सगळ्यांना पाठ असतात, आई-मावशी फोनवर बोलतच असतात, पण आत्या लग्न होऊन गेली की तिचं दुखणं तिच्या सासरचं होतं, आणि वडील लोक तर बहिणीच्या छातीचा आजार हा विषयच काढत नाहीत.

ऑनलाईन कॅल्क्युलेटरने तिला 'कमी' का सांगितलं तेही यातच आलं. तिने भरलेलं होतं ते गेल मॉडेल, १९८९ साली अमेरिकेत तयार झालेलं. ते पाळी कधी आली, पहिलं मूल कितव्या वर्षी, बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) झालीये का असं विचारतं आणि नात्यातलं फक्त आई, बहीण, मुलगी. आजी नाही, मावशी नाही, आत्या तर नाहीच. टायरर-क्युझिक किंवा कॅनरिस्क ही साधनं दोन्हीकडची नाती आणि कुणाला कितव्या वर्षी झाला ते घेतात, म्हणून मी ती वापरते, तीही पाश्चात्त्य बायकांच्या माहितीवर उभी आहेत हे लक्षात ठेवून. बाकीचे प्रश्नही मी विचारले, लहानपणी किंवा तरुणपणी छातीवर रेडिएशन झालंय का, हॉर्मोनच्या गोळ्या, वजन, दारू, मुलांना किती दिवस पाजलं. त्यात काळजीचं काही नव्हतं. दोन्ही मुलांना वर्ष-वर्ष पाजलेलं, ते उलट तिच्या बाजूनेच.

वडिलांकडचं तिला जवळजवळ काहीच माहीत नव्हतं. "एक आत्या आहे, तिचं काहीतरी ऑपरेशन झालं होतं मी शाळेत असताना, आणि बाबांची आई लवकर गेली, पोटाच्या आजाराने." मी तिला गृहपाठ देऊन पाठवलं, घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस शोधा आणि फक्त 'कॅन्सर होता का' असं विचारू नका, काय काय त्रास होत होता आणि वय किती होतं ते विचारा.

ती वाईजवळच्या गावी जाऊन चुलत आजीला भेटली आणि जे घेऊन आली ते माझ्या फाईलला शब्दशः लिहिलेलं आहे. "दिवस गेल्यागत पोट आलेलं तिचं, हातपाय काटक्या. साताऱ्याला नेऊन दोनदा पाणी काढलं. पन्नाशी पण बघितली नाही बिचारीनं." पोटात पाणी होण्याची कारणं बरीच असतात, लिव्हर, टीबी, पण चाळिशी-पन्नाशीतल्या बाईच्या बाबतीत ओव्हरीचा (अंडाशयाचा) कॅन्सर मनात आणावाच लागतो, आणि बीआरसीएचा दोष असला की ब्रेस्ट आणि ओव्हरी दोन्हीचा धोका वाढतो. आणि आत्या? तिला ४१ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, एक बाजू काढलेली, केमो झालेली, आता वय ६१, ठणठणीत. वीस वर्षं भावाच्या घरात हे कुणी उच्चारलं नव्हतं.

म्हणजे ज्या आजीच्या भीतीने वैशाली आली तिचा फारसा संबंधच नव्हता, आणि जिकडे कुणी बघत नव्हतं तिकडे खरा प्रश्न होता.

वैशाली लगेच म्हणाली माझं रक्त घ्या. मी नाही म्हणलं. टेस्ट शक्यतो आधी जिला आजार झालाय तिची करायची. तिच्यात दोष सापडला की काय शोधायचं ते कळतं आणि मग बाकीच्यांचं हो की नाही स्वच्छ मिळतं. निरोगी माणसाचीच आधी केली आणि काही नाही आलं, तर घरात दोष नाहीच की आहे पण हिच्यात आला नाही, हे कळत नाही. शिवाय तिसरं एक उत्तर येऊ शकतं, जनुकात बदल आहे पण तो घातक की निरुपद्रवी हे अजून ठरलेलं नाही, आणि त्याच्या जोरावर ऑपरेशनसारखा निर्णय अजिबात घ्यायचा नसतो.

आत्याला तयार करणं हाच सगळ्यात अवघड भाग होता. "माझं झालं ते झालं, आता कशाला उकरायचं, लेकीच्या सासरी कळलं तर?" तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, ती भीती मी रोज बघते. मी तिला फोनवर एवढंच सांगितलं की रिपोर्ट तुमच्या परवानगीशिवाय कुणालाही दाखवणार नाही, भावालासुद्धा नाही, आणि यात तुमचाही फायदा आहे. मग विचारलं, पिशवी काढलीये का? हो, पंचेचाळिसाव्या वर्षीच. ओव्हरी पण काढल्या का? ते तिला माहीत नव्हतं! हे फार कॉमन आहे, पिशवी काढली म्हणजे सगळं गेलं असं बायका धरून चालतात. सोनोग्राफीत दोन्ही ओव्हरी जागेवर होत्या.

ती आली, लेकीला घेऊनच आली. चारेक आठवड्यांनी रिपोर्ट आला, बीआरसीए१ मध्ये दोष. असा दोष असलेल्या १०० बायकांपैकी साधारण ७० जणींना ऐंशीच्या वयापर्यंत ब्रेस्ट कॅन्सर होतो आणि ४० च्या वर जणींना ओव्हरीचा. ओव्हरीच्या कॅन्सरला लवकर पकडणारी भरवशाची तपासणी आजही नाही, म्हणून आत्याने दोन महिन्यांत ओव्हरी आणि नळ्या काढून घेतल्या. रिपोर्ट भावाच्या मुलांना सांगायची परवानगीही तिने स्वतःहून दिली.

वैशालीचे वडील टेस्टला नाही म्हणाले, माझं वय झालं म्हणाले. हरकत नाही, मुलांची सरळ करता येते. वैशालीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, ती रडलीच समोर. "मग मी सुटले?" घरातल्या दोषातून सुटलात, म्हणलं, बाकी इतर कुठल्याही बाईला असतो तेवढा धोका तुम्हालाही आहे. चाळिशीनंतर मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे) कधी आणि किती वर्षांनी ते डॉक्टरशी बोलून ठरवा, गाठ, निपलमधून रक्त, कातडी ओढली जाणं असं काही दिसलं तर महिनाभर बघत बसू नका. आणि आईलाही तपासणीला न्या. टाटा हॉस्पिटलने मुंबईत दीड लाख बायकांवर वीस वर्षं जो अभ्यास केला त्यात प्रशिक्षित बायकांनी नुसत्या हाताने नियमित तपासलं तरी पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये ब्रेस्ट कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. हाताच्या तपासणीला कमी समजणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते.

वैशालीच्या धाकट्या भावाचा मात्र पॉझिटिव्ह आला. म्हणजे वडिलांची टेस्ट न करताच कळलं की दोष त्यांच्याकडूनच आला. भावाने स्वतःबद्दल एक अक्षर विचारलं नाही, थेट म्हणाला, मुलगी नऊ वर्षांची आहे, तिची आत्ताच करून टाकू? मी सांगितलं, आत्ता नाही. हे कॅन्सर लहानपणी होत नाहीत, आत्ता कळून तिच्यासाठी करण्यासारखं काही नाही आणि निर्णय तिचा आहे, अठरा पूर्ण झाल्यावर तिला समजेल असं सांगा, तिला हवं तेव्हा ती येईल. जादा तपासण्या सुरू होतात त्या पंचविशीपासून, म्हणजे घाई काहीच नाही. तोवर तुम्ही स्वतःच्या छातीत गाठ वाटली तर दाखवायची, आणि पस्तिशीनंतर वर्षातून एकदा डॉक्टरकडून तपासून घ्यायचं.

आत्याच्या लेकीची टेस्ट अजून व्हायचीये. ती ३३ ची आहे, दुसरं मूल हवंय, म्हणून आधी तेवढं बोलायला येते म्हणाली. पॉझिटिव्ह आला तरी लगेच काही काढायचं नसतं, दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राम चालू ठेवून मूल होऊ देता येतं आणि ओव्हरीचा निर्णय चाळिशीच्या आत घेता येतो, एवढं मी तिला फोनवर सांगून ठेवलंय. नवऱ्याला घेऊन येणार आहे.