रोज डिलीट करूनही नको ते मेल का थांबत नाहीत?

रोज पन्नास-साठ फालतू मेल डिलीट करता तरी येतच राहतात, आणि अनसबस्क्राइब केलं, म्हणजे यापुढे मेल पाठवू नका असं कळवलं, की उलट वाढतात असं कुणीतरी सांगितलंय, ते खरं का, असं तुम्ही विचारलंय.

अर्धं खरं आहे. त्याच भीतीने मीही कितीतरी वर्षं नुसता डिलीट करत बसलो होतो. डिलीट केल्याचं पाठवणाऱ्याला कळतही नाही, तो कशाला थांबेल?

आधी बघा, मेल कोणाचा आहे. बरेचसे निघतात ते आपणच पत्ता दिलेल्यांचे: कधीतरी काहीतरी मागवलं, एखादं ॲप घेतलं, फॉर्मच्या तळाशी आधीच टिक केलेली चौकट बघितली नाही. यांना बिनधास्त अनसबस्क्राइब करा. २०२४ पासून जीमेल आणि याहूने ढिगाने मेल पाठवणाऱ्यांना तशी एका क्लिकची सोय सक्तीची केली आहे, आणि नाव दोन दिवसांत काढावं लागतं. मेलच्या तळाशी बारीक अक्षरांतली लिंक शोधत बसू नका. पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी मेलसेवा स्वतः जे बटण दाखवते ते दाबा. असे मेल एका झटक्यात शोधायचे असतील तर सर्चमध्ये 'अनसबस्क्राइब' हा शब्द इंग्रजीत टाका. माझा एक अख्खा रविवार त्यात गेला, पण पुढच्याच आठवड्यात फरक दिसला.

लॉटरी लागली, खातं आज बंद होणार, असल्या मेलमधलं मात्र काहीही दाबायचं नाही, अनसबस्क्राइबसुद्धा नाही. दाबलंत की या पत्त्यावर माणूस आहे हे त्यांना कळतं. तुम्ही ऐकलेलं खरं आहे ते इथे. सरळ स्पॅम, म्हणजे नको असलेला मेल, म्हणून नोंदवा, त्यातून असे मेल अडवणारा फिल्टर शिकतो. ब्लॉक करण्याचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण पुढचा मेल नव्याच पत्त्यावरून येतो. सेटिंगमध्ये जाऊन चित्रं आपोआप उघडणंही बंद करा. मेलमध्ये अनेकदा डोळ्यांना न दिसणारं एका ठिपक्याएवढं चित्र लपवलेलं असतं. ते उघडलं की मेल वाचल्याची खबर तिकडे पोचते.

जीमेलमध्ये आणखी एक युक्ती चालते. पत्त्यातल्या ॲटच्या चिन्हाआधी अधिकचं चिन्ह आणि कुठलाही शब्द जोडला तरी मेल तुमच्याकडेच येतो. एका साइटला मी असा खास पत्ता दिला होता. काही महिन्यांनी त्याच पत्त्यावर कर्जाच्या जाहिराती सुरू झाल्या. पत्ता कुठून बाहेर गेला ते लगेच कळलं! मग त्या पत्त्यावरचं सगळं थेट कचऱ्यात टाकणारा फिल्टर लावला. काही फॉर्म मात्र अधिकचं चिन्ह घेत नाहीत, म्हणून फॉर्म भरण्यापुरता एक वेगळाच ईमेल काढून ठेवलेला बरा.

आणि हो, आठवड्यातून एकदा स्पॅमचा फोल्डर चाळत जा. तिथे कामाचे मेलही अडकतात, आणि तिथे ३० दिवस पडून राहिलेला मेल जीमेल आपोआप पुसून टाकतं.