जुनी फोर बाय फोर घेतलीत आणि स्टिअरिंग थरथरतंय?

स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा छोटा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बदलायची घाई करू नका. नवा डॅम्पर थरथर दाबतो, झीज तशीच राहते.

आधी टायरची हवा आणि बॅलन्सिंग बघा. मग गाडी जमिनीवर, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला. एकाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडंथोडं हलवायला सांगा आणि तुम्ही खाली बघा. टाय रॉड एंड (चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा), ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा), स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट, सगळ्यांवर हात ठेवून बघा. खेळ, म्हणजे सैलपणा, बोटाला लगेच कळतो. सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकसंध अ‍ॅक्सल) असेल तर पॅनहार्ड रॉडवर, म्हणजे अ‍ॅक्सलला बाजूला सरकू न देणाऱ्या दांड्यावर, खास नजर ठेवा. बोल्टचं भोक लांबट झालं असेल तर नुसता बुश (सांध्यातला रबरी तुकडा) बदलून भागत नाही.

नंतर जॅक लावून स्टँडवर घ्या. चाक वरून-खालून धरून हलवल्यावर हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाक वळू देणारा गोळ्याचा सांधा), फक्त डावी-उजवीकडून धरल्यावर हललं तर टाय रॉड एंड.

आधीच्या मालकाने लिफ्ट किट (गाडीची उंची वाढवणारे सुटे भाग) टाकलंय का? उंची वाढली की कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, गाडी सरळ धरत नाही. अलाइनमेंटला कॅस्टरचा आकडा मागून घ्या.

रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पूर्ण आवळा, नाहीतर बुश पिळून लवकर फाटतात.