सोसायटीच्या बागेत पडलेली सोन्याची अंगठी मेटल डिटेक्टरने सापडेल का?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीतल्या सोसायटीच्या बागेत बायकोची साखरपुड्याची अंगठी पडली, डिटेक्टर भाड्याने आणला, पण तो पावलापावलाला वाजतो आणि तीन तास खणून हाती फक्त खिळे आणि बाटल्यांची बुचं आली. अंगठी त्या बागेतच असेल तर सापडण्याची शक्यता चांगली आहे. फक्त आधी खणणं थांबवा.

मी घणसोलीत राहतो, पाण्याच्या लाइनीची कामं करतो. पेव्हर ब्लॉकखाली गाडली गेलेली व्हॉल्वची झाकणं शोधायला मशीन घेतलं, मग ओळखीचे लोक हरवलेल्या दागिन्यांसाठीही बोलवू लागले. त्यातून जे कळलं ते सांगतो.

घरात साधारण तेवढ्याच वजनाची दुसरी सोन्याची अंगठी असेल तर तिला लांब दोरा बांधा, पिशवीत घाला आणि बागेच्याच एका मोकळ्या कोपऱ्यात चार बोटं खोल पुरा. वरून मशीन फिरवा. आवाज कसा येतो, स्क्रीनवर आकडा किती येतो ते लिहून ठेवा. मग तीच आठ बोटं खोल पुरून ऐका. दोरा धरून अंगठी बाहेर काढलीत की तुम्हाला नक्की काय ऐकायचंय ते कानाला कळलेलं असेल. हे न करता शोधायला सुरुवात करणं म्हणजे अंधारात चाचपडणं आहे.

तो आकडा बघून तुम्हाला धक्का बसेल. गोळ्यांच्या स्ट्रिपचा ॲल्युमिनियम कागद, कॅनची कडी आणि सोन्याची अंगठी हे सगळं एकमेकांच्या आसपासच दिसतं. कचरा टाळायला लोक मशीनवर तो आकड्यांचा पट्टाच बंद करून टाकतात आणि त्याबरोबर सोनंही गाळलं जातं. फक्त लोखंड वगळा, बाकी सगळं चालू ठेवा.

जिथेतिथे वाजण्याचं दुसरं कारण तुमच्या पायाखाली आहे. नवी मुंबईत बरीच जमीन भरावाची, मुरूम टाकून उंच केलेली. मुरूम म्हणजे झिजलेला काळा कातळ, त्यात लोहाचे कण भरपूर. मशीन त्या मातीलाच धातू समजतं. म्हणून ग्राउंड बॅलन्स करा: खाली काही नाही अशा जागी कॉइल (मशीनच्या टोकाची गोल तबकडी) जमिनीपासून वीतभर वर-खाली करत राहा आणि आवाज एकसारखा होईपर्यंत सेटिंग हलवा. त्यानंतरही किरकिर राहिली तर सेन्सिटिव्हिटी थोडी उतरवा. तुमच्या भागात हाय टेन्शन वायरी आहेत, त्यांचाही त्रास होतो. मोबाइल घरी ठेवा, हातातलं कडं, अंगठी काढा.

आता सुतळी लावून बागेचे दोन-दोन हाताचे पट्टे पाडा. कॉइल जमिनीपासून दोन बोटं वर, सपाट, हळू. टोकाला गेल्यावर हात आपोआप वर उचलला जातो, तिथेच वस्तू सुटते. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढला पाहिजे. आवाज आला की नव्वद अंशात वळून पुन्हा फिरवा. अंगठी दोन्हीकडून सारखी वाजते, खिळ्याचा आवाज एका दिशेने तुटतो.

एका सोसायटीत वटपौर्णिमेनंतर वडाखाली मंगळसूत्राची वाटी तुटून पडली होती. तिथली माती म्हणजे नाण्यांचं आणि खिळ्यांचं दुकान. आम्ही आधी जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून अख्ख्या पारावर फिरवलं. आताची एक-दोन रुपयांची नाणी स्टीलची, ती खिळ्यांसकट चिकटून आली, सोनं चिकटत नाही. तेवढ्याने गोंगाट निम्म्यावर आला. चेनीच्या बारीक कड्या आणि काळे मणी मशीनला जवळजवळ दिसतच नाहीत, वाटी मात्र बोलली. मुळाच्या बेचक्यात, तीन बोटं खाली होती. तुमच्या बाबतीत जमेची बाजू अशी की अंगठी अखंड वेढा असते, त्यामुळे तिचा आवाज चेनीपेक्षा कितीतरी ठसठशीत येतो.

खणताना फावडं नको. खुरप्याने गवताचा तुकडा तीन बाजूंनी कापून झाकणासारखा उलटा करा, माती ताटात काढा (ताट प्लॅस्टिकचं), आणि मूठमूठ माती कॉइलवरून न्या. वॉचमनकडचा हातातला डिटेक्टर मिळाला तर खड्ड्यात फिरवायला उत्तम, पण त्याने जमीन शोधत बसू नका.

शेवटी विचारलंय की मशीन आहेच तर घोडबंदर किल्ल्यावर फिरवू का. मुळीच नको. किल्ल्याच्या जमिनीत परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे, आणि एक नाणं उपटलं की ते कुठल्या थरात होतं ही माहिती कायमची जाते. स्वतःच्या जागेत जुना ठेवा सापडला तरी १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

आणि एक. अंगठी पाल्याबरोबर झाडली गेली असू शकते, म्हणून माळ्याने झाडलेला पाला कुठे टाकला ते आजच विचारा. कंपोस्टच्या खड्ड्यात असेल तर बागेआधी तो ढीग पसरून तपासा. पिशव्यांत भरून ठेवला असेल तर उद्या सकाळी कचऱ्याची गाडी यायच्या आत त्या बाजूला काढून घ्या.