शेपटीखालच्या गाठीत लिव्हर कुठून आलं?

प्रश्न: आमचा कुत्रा ९ वर्षांचा, नर, नसबंदी केलेली नाही. गुदद्वाराच्या कडेला वाटाण्याएवढी गाठ आलीय. डॉक्टरांनी सुई टोचून सॅम्पल घेतलं, रिपोर्टात 'हेपॅटॉइड पेशी' असं आलंय. नेटवर बघितलं तर हेपॅ म्हणजे लिव्हर! लिव्हरचा कॅन्सर तिथपर्यंत आलाय का? दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

उत्तर: अहो, आधी शांत झोपा. लिव्हरचा याच्याशी काडीचा संबंध नाही. कुत्र्यांना गुदद्वाराभोवती खास ग्रंथी असतात, त्यांच्या पेशी मायक्रोस्कोपखाली लिव्हरच्या पेशींसारख्या दिसतात म्हणून हे नाव पडलं, बास. मोठ्या, दाणेदार, गुलाबीसर पेशी, मधे गोल केंद्रक आणि कडेकडेला बारक्या गडद पेशी, हे चित्र एकदा बघितलं की विसरायला होत नाही. वय झालेल्या, नसबंदी न केलेल्या नरांमधे ही गाठ नेहमीची, ती टेस्टोस्टेरॉनवर, म्हणजे नराच्या हार्मोनवर पोसते म्हणून नसबंदी केली की बऱ्याचदा आक्रसते. बहुतेक वेळा साधीच असते.

बहुतेक म्हणतोय, कारण सुईत येतात त्या सुट्या पेशी, गाठ आजूबाजूच्या भागात घुसलीय का हे त्यात दिसत नाही. कुठल्या ग्रंथीची गाठ हे सायटॉलॉजी, म्हणजे सुट्या पेशींची ही तपासणी, छान सांगते, साधी की कॅन्सरची हे या गाठीत खात्रीनं नाही सांगता येत, त्याला गाठ काढून बायोप्सीच लागते. (तो तुकडा फॉर्मॅलिनमधे, म्हणजे तो टिकवायच्या द्रवात जातो, पण सुईच्या स्लाइड त्या बाटलीशेजारी ठेवू देऊ नका, नुसत्या वाफेनं स्टेन, म्हणजे पेशी दिसाव्यात म्हणून दिलेला रंग, बिघडतो. माझ्याकडे अशा निळ्या चिखलासारख्या स्लाइड कितीदा आल्यात.)

खरी फसवी गाठ म्हणजे शेजारच्या गुदपिशवीची, गुदद्वार म्हणजे घड्याळ धरलं तर चार आणि आठच्या जागी त्या दोन पिशव्या असतात. तिथल्या कॅन्सरच्या पेशी एकसारख्या, अगदी गरीब दिसतात, बरीच केंद्रकं नुसती उघडी पडलेली, आणि तरी गाठ पोटातल्या लिम्फ नोडपर्यंत (लसिका गाठींपर्यंत) पोचते, कधी रक्तातलं कॅल्शियमही वाढतं. तुमच्या रिपोर्टात तसलं काही नाहीये. तरी डॉक्टरांना ग्लोव्ह घालून बोटानं दोन्ही पिशव्या एकदा चाचपायला सांगा, आणि तो अलीकडे पाणी जास्त पीत असेल, सारखा लघवीला जात असेल तर कॅल्शियमही तपासून घ्या. बाकी नसबंदीचं आता लांबवू नका.