वाचक विचारतात: प्रस्तावाला उत्तर का येत नाही?

संस्थांसाठी निधी मिळवणे आणि त्यासाठी प्रस्ताव लिहिणे, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत. पत्रे थोडक्यात घेतली आहेत. पत्त्यात फक्त तालुका-जिल्हा ठेवला आहे.

प्रश्न (अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया): गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात गाळ भरला आहे. तो काढण्यासाठी संस्थेतर्फे २५ लाखांचा बारा पानी प्रस्ताव आठ कंपन्यांना पाठवला. साधी पोचही आली नाही. प्रत सोबत जोडली आहे. चुकले कुठे?

उत्तर: प्रत वाचली. पाच पाने संस्थेच्या वाटचालीची, तीन सत्काराच्या फोटोंची, आणि तलाव येतो नवव्या पानावर. पहिलेच वाक्य आहे, ‘विदर्भ हा दुष्काळग्रस्त भाग असून...’. गोंदियात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे वाचणाऱ्याला ठाऊक असते. तुमचे दुखणे पाऊस नसण्याचे नाही, पडलेला पाऊस तलावात मावत नसल्याचे आहे. तेच पहिल्या वाक्यात यावे: लाभक्षेत्र किती हेक्टर, आणि गेली तीन वर्षे धानाच्या शेवटच्या पाण्याला त्यापैकी किती हेक्टर भिजले. हे दोन आकडे अख्ख्या प्रस्तावात नाहीत. पाणीवाटप बघणाऱ्या माणसाजवळ एक संध्याकाळ बसलात तर मिळतील.

पण खरा घोटाळा अंदाजपत्रकात आहे. तिथे एकच ओळ दिसते: ‘तलाव खोलीकरण २५,००,०००’. छाननी करणारे बरेचदा आधी शेवटचे पान उलटतात. तिथे गोल आकडा दिसला की पुढचे वाचन तिथेच थांबते.

हिशेब असा मांडा. दर नमुन्यादाखल धरले आहेत; तुम्ही तालुक्यातल्या तीन मशीनवाल्यांची लेखी कोटेशन घ्या. समजा, २ हेक्टरवरचा सरासरी ६० सेंटिमीटर गाळ काढायचा आहे. २०,००० चौरस मीटर गुणिले ०.६ म्हणजे १२,००० घनमीटर. तेवढीच जागा पाण्याला मिळाली, म्हणजे १ कोटी २० लाख लिटर. एक ब्रास २.८३ घनमीटरचा, म्हणून गाळ झाला सुमारे ४,२४० ब्रास. पोकलेन तासाला ५० घनमीटर भरते असे धरले तर २४० तास लागतील. तासाला १,८०० रुपये दराने ४,३२,००० रुपये. मशीन आणणे-नेणे ३०,०००, आधीची आणि नंतरची लेव्हल मोजणी २५,०००, साइटवर देखरेखीला एक माणूस दोन महिने ३०,०००, फलक आणि बैठका ८,०००, लेखापरीक्षण १०,०००. बेरीज ५,३५,०००. मशीनवाला जीएसटी नोंदणीकृत असेल तर भाड्यावर १८ टक्के, म्हणजे ७७,७६० रुपये आणखी. ही ओळ हमखास राहून जाते आणि नंतर संस्थेच्या खिशातून जाते. एकूण ६,१२,७६०, म्हणजे घनमीटरला सुमारे ५१ रुपये. २५ लाख मागायचे कारणच उरले नाही.

गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्यांनी करावा आणि तो ‘लोकसहभाग’ म्हणून वेगळ्या रकान्यात दाखवावा. एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास आणि खेपेला ३०० रुपये धरले तर हा वाटा १२,७२,००० रुपयांचा होतो, मागितलेल्या निधीच्या दुप्पट. निधी देणाऱ्याला असा आकडा आवडतो, पण तो सिद्ध करावा लागतो: शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, किती ट्रॉल्या नेणार, सही. एकरी ४० ट्रॉल्या धरल्या तर गाळ १०६ एकरांना पुरतो. मग लगेच प्रश्न येईल की ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही त्याचे काय. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत अल्प आणि अत्यल्प भूधारकांना गाळ वाहण्यासाठी अनुदानाची तरतूद आहे. त्यासाठी अर्ज करणार असल्याचे प्रस्तावातच लिहून टाका.

कागद तीन हवेत: ग्रामसभेचा ठराव, तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्या विभागाचे (बहुधा जिल्हा परिषदेचा लघुपाटबंधारे विभाग) ना-हरकत, आणि मासेमारीचा ठेका असलेल्या ढीवर बांधवांच्या सहकारी संस्थेची संमती. तिसरा कागद कोणी जोडत नाही, आणि मशीन तलावात उतरली की भांडण त्यावरूनच पेटते. बाजूची जमीन झुडपी जंगलात लागत असेल तर तिथे गाळाचा ढीगही टाकू नका. वन विभागाच्या परवानगीचा प्रश्न उभा राहतो. तलावाच्या पाळीच्या (बांधाच्या) पायथ्याशी खोदणार नाही आणि तळाची चिकण माती खरवडणार नाही, हेही लिहा. चिकण थर गेला की तलाव झिरपतो.

वेळेचे म्हणाल तर गाळ एप्रिल ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच निघतो. त्यासाठी मंजुरी फेब्रुवारीत हातात हवी, म्हणजे प्रस्ताव पोळा-दिवाळीच्या दरम्यान जायला हवा. तुमचा गेला मार्चअखेर. आता आधी दोन पानांचे टिपण पाठवा. बारा पाने मागितली तरच द्या.

प्रश्न (आर्णी, जि. यवतमाळ): आमच्या महिला बहुउद्देशीय संस्थेला १४ महिने झाले. १२-ए आणि ८०-जी (करसवलतीच्या आयकर नोंदण्या) तात्पुरते मिळाले आहे. सीएसआर (कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायचा) निधी मिळेल का? कोणते कागद लागतात?

उत्तर: स्वतःच्या नावावर आत्ता नाही. कंपनीने स्वतः न काढलेल्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा, अशी सीएसआर नियमांत अट आहे. शिवाय कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरून क्रमांक घ्यावा लागतो. १ एप्रिल २०२१ पासून तो सक्तीचा आहे. अर्जावर सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंट यांपैकी एकाचे प्रमाणन लागते.

मधल्या काळात मोठ्या संस्थेच्या प्रकल्पात गावपातळीवरची भागीदार व्हा आणि कामाचा लेखी करार घ्या. तोच पुढे अनुभवाचा पुरावा होतो. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातून १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते, ती तुमच्या गावात कुठे जाते ते ग्रामसभेत विचारा. रक्कम लहान असेल, पण पंचायतीचे काम पूर्ण केल्याचे पत्र फाइलला वजन देते.

कागदांत एकच गोष्ट नीट बघा: नाव. धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या दाखल्यावर ‘बहुउद्देशीय’, पॅनवर ‘बहुउद्देशिय’, बँकेत ‘बहु. महिला संस्था’, असे असेल तर प्रत्येक पोर्टलवर अडाल. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहिला तर सह्या करणारे नवे अध्यक्ष कागदोपत्री अध्यक्षच नसतात. आयकराची तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची असते, पण काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत किंवा मुदत संपण्याआधी सहा महिने, यांपैकी जे आधी येईल तेव्हा नियमित नोंदणीसाठी अर्ज भरावा लागतो. तुमचे काम सुरू होऊन सहा महिने उलटले असतील तर हे पत्र बाजूला ठेवून आधी सीएकडे जा. देणगीदारांचे वार्षिक विवरण आयकर विभागाला ३१ मेपर्यंत. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये.

आणि ‘बहुउद्देशीय’बद्दल एक सांगायचे. आपल्याकडे दर दुसऱ्या संस्थेच्या नावात तो शब्द असतो. नावात असू द्या, प्रस्तावात नको. शिवणवर्ग, वृक्षारोपण, व्यसनमुक्ती आणि संगणक प्रशिक्षण एकाच अर्जात मागणाऱ्याला यातले काहीच जमत नसावे, असे वाचणारा धरून चालतो.

प्रश्न (मंगरूळपीर, जि. वाशीम): आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. दालमिलसाठी सीएसआर मागता येईल का?

उत्तर: उत्पादक कंपनी सीएसआरची अंमलबजावणी संस्था होऊ शकत नाही. पैसा सीएसआर-१ असलेल्या ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम ८ (ना-नफा) कंपनीमार्फत यावा लागतो. यंत्र मात्र लाभार्थ्यांच्या गटाच्या किंवा त्यांच्या संस्थेच्या नावावर राहू शकते; नियम त्याला वाव देतात. एका संचालकाच्या शेडमध्ये, त्याच्याच वीज मीटरवर यंत्र बसवणार असाल तर कोणी उभे करणार नाही.

पण दालमिलसाठी आधी बँकेकडे वळा, आणि पुढच्या योजनांची मुदत अजून चालू आहे का ते तिथेच विचारा. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत कर्जाशी जोडलेले ३५ टक्के भांडवली अनुदान उत्पादक कंपनीलाही मिळते. कृषी पायाभूत सुविधा निधीत २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षे ३ टक्के व्याजसवलत आहे. १० हजार उत्पादक कंपन्यांच्या केंद्रीय योजनेत तुमची नोंद असेल तर सभासदामागे २,००० आणि कंपनीला कमाल १५ लाखांचे समभाग अनुदानही आहे. या सगळ्यांना एकच तक्ता लागतो: किती क्विंटल तूर, कोणत्या भावाने घेणार, डाळ किती टक्के पडणार, चुनी-भुसा कितीला जाणार, वर्षात किती दिवस मिल चालणार. ‘३०० दिवस’ लिहू नका. तूर बाजारात येते कधी, आणि साठवायला तुमच्याकडे खेळते भांडवल किती, हे बँकेचा माणूस पहिल्या पाच मिनिटांत विचारतो.

प्रश्न (राजुरा, जि. चंद्रपूर): मोठ्या लोकांशी ओळख नाही. निधी देणारे शोधायचे तरी कसे?

उत्तर: ओळखीने भेट मिळते, मंजुरीला ओळख पुरत नाही. तुमच्या भागात कोळसा आणि सिमेंट आहे, आणि कायद्यात कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे. सीएसआर लागू असलेल्या कंपनीला सीएसआर समितीतली नावे, धोरण आणि मंजूर प्रकल्प, संकेतस्थळ असेल तर त्यावर टाकावे लागतात. राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर जिल्हावार खर्चही दिसतो. वही घ्या, प्रत्येक कंपनीला एक पान: आपल्या जिल्ह्यात कोणत्या कामाला, साधारण किती रकमेला, कोणत्या संस्थेमार्फत पैसे दिले. दहा पाने भरली की जिथे पाठवून उपयोग नाही ते आपोआप गळतात. शाळेच्या इमारतीच देणाऱ्या कंपनीकडे वनहक्क समितीचे प्रशिक्षण मागू नका.

लोक पाहत नाहीत ती लहान कंपनी. सीएसआर फक्त बड्यांना लागू आहे असे नाही. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतले एक असले की लागू. जिनिंग, सोयाबीन सॉल्व्हंट प्लांट, रोलिंग मिल यांपैकी एखादी पाच कोटी नफ्यात सहज बसू शकते. मात्र ती कंपनी कायद्याखाली नोंदलेली हवी. भागीदारी फर्मला हा नियम नाही. जिची सीएसआर रक्कम वर्षाला ५० लाखांपर्यंत आहे तिला समिती नेमायची सक्ती नसते, संचालकच ठरवतात. तिथे दोन पानी पत्र आणि समोरासमोर बोलणे, एवढ्यावर काम होते.

खाणीने बाधित गाव असेल तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधीही आहे. तो जिल्हा प्रशासनामार्फत जातो, म्हणून अर्ज ग्रामपंचायतीच्या ठरावासह द्या.

प्रश्न (नाव व गाव देऊ नये): एक सल्लागार मंजूर रकमेच्या १० टक्के आणि आधी ५०,००० मागतो. द्यावे का?

उत्तर: नाही. लिहून देण्याची ठरावीक फी वेगळी. मंजुरीवर टक्का घेणाऱ्याचे पैसे कोणत्याच अंदाजपत्रकात दाखवता येत नाहीत, मग खोटी बिले करावी लागतात. संस्थांसाठीच्या सरकारी ‘दर्पण’ पोर्टलवरची नोंदणी मोफत आहे, तिचेही पैसे देऊ नका.

प्रश्न (हिंगणघाट, जि. वर्धा): परदेशी देणगी घेता येईल का?

उत्तर: परदेशी देणगीच्या कायद्याखालील (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही नाही, ओळखीच्या परदेशी नागरिकाकडूनही नाही. नोंदणीसाठी तीन वर्षांचे अस्तित्व आणि मागच्या तीन वर्षांत कामावर १५ लाख खर्च लागतो. खाते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत उघडावे लागते.

प्रश्न (धारणी, जि. अमरावती): प्रशिक्षणासाठी निधी होता. दिवाळीनंतर लोक कामाला बाहेर गेले, वर्ग भरले नाहीत. ती रक्कम बियाण्यावर खर्च केली. आता दुसरा हप्ता अडला आहे. पैसे तर गावासाठीच वापरले!

उत्तर: गावासाठीच वापरले, यात शंका नाही. पण करारात खर्चाची जी शीर्षे आहेत त्यांतून परवानगीशिवाय पैसा हलत नाही. काही करारांत शीर्षाशीर्षांत १० टक्क्यांपर्यंत फेरफाराची मोकळीक असते; तुमच्या करारात ते कलम आहे का, आधी बघा.

आता करायचे ते असे. एका पानावर तक्ता: मंजूर रक्कम, प्रत्यक्ष खर्च, फरक, कारण. सोबत हजेरीपट रिकामे का आहेत ते सांगणारे ग्रामसभेचे पत्र, बियाण्याची जीएसटी बिले आणि वाटपाच्या सह्या. ही रक्कम बियाण्याच्या शीर्षात मान्य करावी किंवा आम्ही ती परत भरू, असा स्पष्ट पर्याय द्या. पैसे परत करायची तयारी दाखवणाऱ्या संस्थेशी बोलणी पुढे सरकतात. बिले दुकानदाराला रोखीने दिली असतील तर एका दिवसात एकाला १०,००० च्या वर रोख गेले का तपासा. तसे असेल तर तो खर्च आयकरात धरला जात नाही आणि सीए उपयोगिता प्रमाणपत्रावर सही करताना अडेल.

पुढच्या प्रस्तावात वेळापत्रक मेळघाटच्या चालीने लावा. वर्ग पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत, मग थेट होळीला माणसे परत आल्यावर. जानेवारीत २५ जणांची बॅच लिहिलीत तर ती कागदावरच भरेल, आणि पाहणीला येणारा माणूस नेमका जानेवारीतच येतो.